नवरदेव एक, वऱ्हाड मोठं

(लघुउद्योजकांच्या मेळाव्यातलं व्याख्यान, शब्दांकन करून थोडं संपादित)

1998 साली ह्युंदाई ही कोरियन कंपनी आपल्याकडे सँट्रो गाडी घेऊन आली. तेव्हा ह्युंदाई हे नाव नीट उच्चारणारा माणूस आमच्या अख्ख्या पेठेत सापडला नसता. अजूनही पुण्यात त्याचे तीन उच्चार ऐकू येतात आणि प्रत्येकाला आपलाच बरोबर वाटतो, ते सोडा. त्या कंपनीनं काय केलं? सोलहून कुणी नट आणला नाही. शाहरुख खानला घेतलं, आणि पुढे वर्षानुवर्षं धरून ठेवलं. एलजी आली, तिनं क्रिकेट धरलं. परक्या मुलखात माल विकायचा तर गिऱ्हाइकाच्या ओळखीचा चेहरा घ्यावा, हे कोरियन माणसाला तेव्हाच कळत होतं.

आता तुमच्यातले निम्मे लोक मला विचारतात, साहेब, जाहिरातीसाठी कोरियन चेहरा कसा मिळवायचा? प्रश्न चुकीचा नाही, कारण मधल्या काळात तो चेहरा आपल्या घरात ओळखीचा झालाय. म्हणजे तुमच्या नव्हे, तुमच्या मुलीच्या खोलीत. भिंतीवर बीटीएस या कोरियन गायकगटाची सात पोरं, त्यांतला जिन कोणता आणि जिमिन कोणता हे बापाला कळत नाही, म्हणून तो मला फोन करतो. आणि हे सगळं काल-परवाचं आहे असंही समजू नका. मणिपूरमध्ये 2000 साली बंडखोरांनी हिंदी सिनेमावर बंदी घातली, केबलवाल्यांनी त्या जागी कोरियन वाहिनी लावली, आणि इंफाळची एक पिढी कोरियन मालिकांवर वाढली. आपण मुंबई-पुण्यात हे शोधून काढलं म्हणून मिरवतो तेव्हा ती मंडळी हसत असतील.

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘कोरियन कलाकारांशी करार: काय तपासावं’. येतो तिकडे. आधी मनातलं एक बोलून घेतो, कारण हे सांगायला मला दुसरी सभा मिळत नाही.

मध्यंतरी एका मसालेवाल्यांकडे गेलो होतो. नाव सांगणार नाही, सांगलीकडे जाताना त्यांचे बोर्ड दिसतात तेही सांगणार नाही. तिसरी पिढी, पोरगा बाहेर शिकून आलेला, उत्साह दांडगा. त्यांना ‘कोरियन चवीचा’ मसाला काढायचा होता. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात साखर आणि तीळ, बाकी काही नाही. मी म्हटलं, ठीक आहे, कलाकार कोण हवाय? पोरगा म्हणाला, “सर, कुठलाही चालेल. कोरियन दिसला पाहिजे.” आणि पडद्यावर त्यानं प्रेझेंटेशन लावलं. पहिल्या पानावर देखणा तरुण, हातात वाटी. माझ्याबरोबरची इंटर्न मुलगी माझ्या कानाशी लागली, “सर, हा थायलंडचा आहे.” मी ते मोठ्यानं सांगितलं. मोठे शेठ म्हणाले, “अहो, पब्लिकला कुठे कळतंय!”

मंडळी, याच वाक्यासाठी मी आज इथे उभा आहे. ज्या पब्लिकसाठी तुम्ही हा खर्च करताय, फक्त तिलाच कळतं. बाकी कुणाला त्याच्याशी देणंघेणं नाही! माझ्या आत्याला थाई काय नि कोरियन काय, पण आत्या त्या चेहऱ्यासाठी तुमचा मसाला घेणार नाहीये. जी सोळा वर्षांची मुलगी घेणार आहे, तिला त्या पोराची जन्मतारीख, रक्तगट, त्याच्या कुत्र्याचं नाव, सगळं पाठ आहे. शाळेतली सनावळी नसेल, हे आहे. तिच्यापुढे ‘कुठलाही चालेल’ म्हणालात तर ती तुम्हाला चार दिवसांत जगभर प्रसिद्ध करील, आणि ती प्रसिद्धी फुकट असेल.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. करार तुम्ही नवरदेवाशी करता, पण मांडवात वऱ्हाड उतरतं. बोलणी एका माणसाची, मानपान हजारांचं. आपल्या सिनेमातल्या नटाचे चाहते तिकीट काढतात, शिट्ट्या मारतात, घरी जातात. कोरियन गायकाचे चाहते संघटित असतात. त्यांच्यात हिशेब ठेवणारे असतात, भाषांतरं करणारे असतात, कंपनीच्या दारात निषेधाचे फलक लावलेला ट्रक भाड्यानं उभा करणारेही असतात. सोलमध्ये हे असे ट्रक आता नेहमीचे झालेत.

उदाहरण देतो. 2021 मध्ये मॅकडॉनल्ड्सनं बीटीएस मील काढलं. जवळजवळ पन्नास देशांत, जूनमध्ये आपल्या पश्चिम आणि दक्षिण भारतातसुद्धा. त्यात होतं काय? दहा नगेट्स, मध्यम फ्राइज, मध्यम कोक आणि दोन चटण्या. चटण्या कोरियातल्या शाखांच्या पाककृतीवरून घेतलेल्या. नवीन पदार्थ म्हणाल तर त्या दोन वाट्या, बस! बाकी जांभळी वेष्टणं. इंडोनेशियात 9 जूनला विक्री सुरू झाली. कोरोनाचे दिवस, त्यामुळे बहुतेक ऑर्डरी घरपोच. हिरव्या जाकिटातले डिलिव्हरीवाले दुचाक्या घेऊन दुकानांपुढे एवढे जमले की जकार्तात डझनभर तरी शाखा प्रशासनाला तात्पुरत्या बंद कराव्या लागल्या. मुलींनी नगेट्स खाल्ले, खोका धुऊन पुसून कपाटात ठेवला. काही खोके ऑनलाइन विकायलाही आले. आता पुढचं ऐका, ते बातम्यांत खाली कुठेतरी होतं. तासन्‌तास ताटकळलेल्या त्या डिलिव्हरीवाल्यांसाठी तिथल्या चाहत्यांनी वर्गणी काढली. कंपनीनं सांगितलं नव्हतं, कलाकारानं सांगितलं नव्हतं. आपल्या माणसाच्या नावावर हा त्रास लागू नये, म्हणून. असं वऱ्हाड मिळायला भाग्य लागतं, आणि ते नीट सांभाळायला डोकं लागतं.

याच्या उलट, एक पैसा न देता झालेली जाहिरात. जानेवारी 2019. त्याच बीटीएसमधला जंगकुक, चाहत्यांशी ऑनलाइन गप्पा मारताना कुणीतरी विचारलं, कपड्यांना कुठलं सॉफ्टनर लावतोस? त्यानं डाउनीचं नाव आणि वास दोन्ही सांगितलं. झालं! कोरियात तो वास बाजारातून गायब. थोड्या दिवसांनी तोच म्हणतोय की माझं संपत आलंय, घ्यायला गेलो तर मलाच मिळेना. पुढे 2021 मध्ये लाइव्ह व्हिडिओत तो टीझन नावाच्या कंपनीचा कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, प्यायला, त्याचाही साठा संपला. आमच्या धंद्यातले लोक हे ऐकून लगेच म्हणतात, मग आपणही त्याला ‘सहज’ बोलायला लावू. हा शुद्ध वेडेपणा आहे. सहज आणि ठरवून यातला फरक ओळखण्यात या मुलांची हयात गेलीय. शिवाय 2020 मध्ये तिथे पैसे घेऊन ते लपवणाऱ्या यूट्यूबरांवरून एवढा गदारोळ झाला की सप्टेंबरपासून तिथल्या व्यापार आयोगानं उघड सांगणं बंधनकारक केलं. आपल्याकडेही आता तोच नियम आहे. पैसे दिलेत तर ‘जाहिरात’ असं ठळक लिहा. चाहत्यांना त्याचा राग येत नाही, कारण आपला माणूस कमावतोय याचा त्यांना आनंदच असतो. राग येतो लपवल्याचा.

कोरियातले जुने जाहिरातवाले हे जाणून असतात. गोंग यू हा नट 2007 मध्ये कॉफीच्या दुकानावरच्या एका मालिकेनं घराघरांत पोचला. 2011 मध्ये डोंगसो कंपनीनं कानू ही झटपट कॉफी काढली तेव्हा त्यालाच घेतलं, आणि वर्षामागून वर्षं तोच. ली यंग-ए हिनं मालिकेत राजवाड्यातली वैद्य केली, पुढे 2006 पासून ‘हू’ या राजेशाही थाटाच्या महागड्या क्रीमची ती ओळख झाली, तीही दीर्घकाळ. आपल्याकडे एकच माणूस सकाळी सिमेंट विकतो, दुपारी बनियन आणि संध्याकाळी केसांचं तेल. त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर नेमका कुठल्या वेळी ठेवायचा?

मालिकांतल्या सँडविचबद्दलही बोलायचं होतं. कोरियन मालिकेत दोघांचं बिनसलं तरी ते सबवे या सँडविचच्या दुकानात जातात आणि जमलं तरी सबवेमध्येच जातात, हे पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. 2010 पासून तिथे मालिकेत वस्तू दाखवायला रीतसर परवानगी आहे, तीही मापात. सुरुवातीला ते माप होतं कार्यक्रमाच्या वेळेच्या पाच टक्के आणि पडद्याचा पाव भाग, त्यापेक्षा जास्त नाही. पण माप पाळूनही फसतं. 2021 च्या ‘विन्चेन्झो’त नायक-नायिकेच्या हाती चिनी कंपनीचा डबाबंद बिबिंबाप दिला. बिबिंबाप म्हणजे त्यांचा घरचा भात, आणि त्याच सुमारास किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट तोंडीलावणं, नक्की कुणाची यावरून दोन देशांत जुंपली होती. प्रेक्षक एवढे खवळले की ऑनलाइन भागातून तो प्रसंगच कापावा लागला. कल्पना करा, आपल्या मालिकेत...

हां, चिठ्ठी आली. दहा मिनिटं. जेवण तयार आहे, असंही लिहिलंय, म्हणजे दहाची पाचच समजायची. बरं, मग छापलेला विषय.

करार कलाकाराशी होत नाही, त्याच्या एजन्सीशी होतो. तिथल्या नमुना करारात एजन्सी कलाकाराला जास्तीत जास्त सात वर्षं बांधते. त्यातली किती उरली आहेत, हे आधी विचारा. ब्लॅकपिंक या चार गायिकांच्या गटाचं पाहा, 2023 च्या अखेरीला चौघींनी एकत्र कामासाठी वायजी या आपल्या एजन्सीशी करार वाढवला, पण एकेकटीचं काम बाहेर नेलं. जेनी आणि लिसानं तर स्वतःच्या कंपन्या काढल्या. चौघी हव्यात तर एक दार, एकटी हवी तर वेगळंच. चुकीच्या दारात सहा महिने चहा पीत बसलेले लोक मला माहीत आहेत. आणि मध्ये कोणी ‘माझी ओळख आहे’ म्हणणारा दलाल भेटला तर एजन्सीचं लेखी पत्र मागा. आगाऊ रक्कम त्यानंतर.

मुलगा असेल तर सैन्यसेवा. लष्करात दीड वर्ष, आणि त्या काळात नवं व्यावसायिक काम नाही. बीटीएसचा जिन डिसेंबर 2022 मध्ये गेला, सातही जण मोकळे व्हायला जून 2025 उजाडला. जाहिरात आधी चित्रित करून ठेवता येते, पण दिवाळीच्या कार्यक्रमाला त्याला बोलावता येणार नाही.

राजकारण. 2016 मध्ये सोंग जूंग-की हा नट चीनमध्ये लोकप्रियतेच्या शिखरावर होता, विवोच्या फोनची जाहिरात करत होता. जुलैमध्ये कोरियानं अमेरिकेची थाड क्षेपणास्त्र यंत्रणा बसवायचं जाहीर केलं, चीन बिथरला, आणि वर्ष सरायच्या आत जाहिरातीत दुसरा नट आला. त्या यंत्रणेसाठी आपलं गोल्फचं मैदान देणाऱ्या लोट्टेची चीनमधली दुकानं पुढल्या वर्षी अग्निसुरक्षेचं कारण दाखवून बंद झाली. हीच ती लोट्टे, हॅवमोर आइस्क्रीम घेणारी. तर असं काही घडलं की पैसे परत किती, हे करारात लिहा. वकिलाला ‘अपरिहार्य परिस्थिती’ या एका ओळीवर सोडू देऊ नका.

स्थानिक रीतभात. डिसेंबर 2018 मध्ये इंडोनेशियाच्या प्रसारण आयोगानं शॉपी या ऑनलाइन दुकानाची ब्लॅकपिंकवाली जाहिरात तोकड्या कपड्यांवरून वाहिन्यांना थांबवायला लावली. जाहिरात सोलमध्ये मंजूर होते, पाहिली जाते सोलापुरात, एवढं ध्यानात ठेवा.

कायदा. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला उत्पादकाला आणि चेहरा देणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. चेहऱ्यावर एक ते तीन वर्षं जाहिरातबंदीही येऊ शकते. त्यामुळे ‘हे लावलं की काचेसारखी त्वचा’ असं त्याच्या तोंडी घालताना पुरावा हातात हवा. हे एजन्सीला तुम्ही आपणहून सांगितलंत तर तुमच्याबद्दल मत चांगलंच होईल.

आणि बजेट नसेल तर, म्हणजे इथे बसलेल्या बहुतेकांचं. मग नवरदेवाचा नाद सोडा आणि वऱ्हाडाला जागा द्या. कलाकाराच्या वाढदिवसाला चाहते कॅफेत जमतात, कपावर चढवायची कागदी वेष्टणं स्वतः छापून आणतात. पुण्या-मुंबईतल्या कॅफेवाल्यांनी एक दुपार आणि चार टेबलं द्यावीत, किमान ऑर्डरीची अट घालू नये आणि पोरींना चार तास बसू द्यावं. फक्त एक करू नका, त्या कलाकाराचा फोटो आपल्या पाटीवर किंवा पाकिटावर छापू नका. कोरियात जून 2022 पासून प्रसिद्ध माणसाचा चेहरा परवानगीशिवाय धंद्याला वापरण्याविरुद्ध कायदा आहे. आपल्याकडे 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांच्या बाजूनं असाच आदेश दिला. आणि फोटो छापलात तर एजन्सीला कळवायचं काम चाहतेच करतील, मेल इंग्रजीत आणि कोरियनमध्ये, पुराव्याच्या छायाचित्रासकट.

दराबद्दल आणि किती महिने आधी बोलणी सुरू करावी याबद्दल राहिलंच, ते जेवताना विचारा. आता प्रश्न. माईक मागे द्या, त्या जांभळ्या ओढणीवाल्या मुलीचा हात केव्हाचा वर आहे, बहुधा मी कुणाचा तरी उच्चार चुकवलाय. नाही काका, तुम्ही तिच्यानंतर.