चारही बाजूंना एकच कुंपण कशाला?

श्रोतेहो, नमस्कार.

भातकापणी उरकली, जमीन वाळली, की आमच्या कोकणात गडग्यांची, म्हणजे दगडी कुंपणभिंतींची, नि कंपाउंडची कामं निघतात. यंदा घराभोवती कुंपण घालायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याशी आज बोलायचंय. गवंड्याला ‘फुटाला किती घेणार?’ असं विचारण्याआधी एक दिवस आपल्या हद्दीवरून सावकाश फिरून या. प्रत्येक बाजूची गरज वेगळी असते, आणि चारही बाजूंना एकच कुंपण घालायच्या हट्टापायी बराच पैसा जातो.

खर्च गुंठ्यांवर ठरत नाही, घेरावर ठरतो. ५ गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. प्लॉट ५५ बाय ९९ फूट असेल तर घेर ३०८ फूट. तेच ५ गुंठे साडेसत्तावीस बाय १९८ असे चिंचोळे असतील तर ४५१ फूट! शेजाऱ्याला एवढा खर्च आला म्हणजे आपल्यालाही तेवढाच येईल, असं म्हणूनच धरू नका.

आपला ५५ बाय ९९चा प्लॉट घेऊ. सभोवार ४ फूट उंच चिऱ्याचा, म्हणजे घडवलेल्या जांभ्या दगडाचा, गडगा घालायचा म्हटलं, नि चिऱ्याची दर्शनी बाजू १४ इंच बाय ७ इंच धरली, तर १,८०० चिरे लागतात, पाया वेगळा. खाणीवरून ते आणण्याचं भाडं नि मजुरी आणखी वेगळी. त्यापेक्षा गडगा फक्त रस्त्याकडे घाला. १० फुटांचं गेट सोडून ४५ फूट उरतात, तिथे पावणेतीनशे चिऱ्यांत काम होतं. धूळ आणि जाणाऱ्या-येणाऱ्याची नजर त्याच बाजूला असते.

दोन्ही लांब बाजूंना जाळी पुरते. ८ फुटांवर पोल धरला तर एका बाजूला १४, दोन्हींना २८. जाळी घेताना गेज विचारा: आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. १२ गेजची जाळी स्वस्त वाटते, कारण ती १० गेजपेक्षा बारीक असते. समुद्राजवळ राहत असाल तर जस्ताचा थर चांगला असलेलीच घ्या, खारा वारा तारेला सोडत नाही. कोपऱ्यातल्या पोलांना तिरके टेके द्यायला विसरू नका, जाळीचा सगळा ताण तिथेच येतो. आणि जागा कातळाची असेल तर खड्डे ब्रेकरने मारावे लागतात. तो खर्च आधीच धरा.

मागच्या बाजूला मात्र वई, म्हणजे झाडाझुडपांचं जिवंत कुंपण, करा. मला स्वतःला वई फार आवडते. निर्गुडी, अडुळसा यांना गुरं सहसा तोंड लावत नाहीत. गिरिपुष्पाचा पाला भाताला, माडाला खत म्हणून होतो. शेर लावणार असाल तर जपून. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, लहान मुलांच्या घरात तो नकोच.

आता माझा अनुभव सांगतो. आमच्या परड्याच्या उतारावर मी सिमेंटची सलग भिंत घातली. पाण्याला वाट ठेवली नाही. जुलैत वरच्या बाजूला पाणी तुंबलं आणि एका रात्रीत २० फूट भिंत शेजाऱ्यांच्या अळवात जाऊन पडली. त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही, पण मला आजही ते लागून राहिलंय. जुने गडगे मातीचुन्याशिवाय रचलेले असत, पाणी फटींतून निघून जाई. भिंत बांधाल तर तळाशी भोकं ठेवाच.

या सगळ्याच्या आधी मोजणी. सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, हद्द जमिनीवर कुठे पडते ते कळत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज करा, शेजाऱ्यांना त्या दिवशी हजर राहायला सांगा, मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवा. जुनी पायवाट किंवा वहाळ प्लॉटमधून जात असेल तर बुजवू नका. शेजारी त्यासाठी तहसीलदारांकडे दाद मागू शकतात, १९०६ सालापासून तसा कायदा आहे. रस्त्याकडच्या भिंतीची उंची नि परवानगी ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

पैसे कमी असतील तर मोजणी, कोपऱ्याचे पोल आणि गेट एवढं यंदा करा. वईच्या फांद्या मृगाचा पाऊस लागला की लावा. फुटाला एक धरली, तर मागच्या बाजूला ५५ फांद्या पुरतात, आणि त्या शेजारच्या वईतून मागून आणता येतात.