पेढा वळणारं बोट

मंडळी, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी इथे इंदूरलाच गेली. दरवर्षी पहिल्या प्रॅक्टिकलला मी मुलांना सांगायची, नाकपुडीला बोट लावा आणि मिठाच्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या खारट जेलीवर, टेकवा. दोन दिवसांनी बशी उघडली की काहींच्या बोटाखालचं गुलाबी आगर पिवळंधमक झालेलं असे, वर बारीक सोनेरी ठिपके. हा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सर्दी नाही, ताप नाही, मुलं ठणठणीत. दहांतल्या साधारण तिघांच्या नाकात हा जंतू सुखाने राहतो. तुमच्या-माझ्याही असेल.

आता हलवायाच्या भट्टीशी चला. मावा तासभर आटला, त्यातले जंतू मेले. मग तो परातीत निवतो आणि कारागीर तो हाताने मळतो, पेढे वळतो. मधेच कपाळाचा घाम पुसतो, नाकाला हात जातो. कुणाच्या बोटाला नखुरडं झालेलं असतं. साखरेत बरेच जंतू मान टाकतात, हा तग धरतो. उबेत साधारण अर्ध्या तासात एकाचे दोन होतात, म्हणजे पाच तासांत एकाचे हजार. वाढता वाढता तो विष सोडतो, आणि ते विष उकळूनही जात नाही. मावा शिळा वाटला म्हणून पुन्हा परतला, तर जंतू मरतील, विष राहील. खाल्ल्यावर दोन-चार तासांत उलट्या सुरू होतात. सराफ्यातल्या, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, साबुदाण्याच्या खिचडीतल्या बटाट्याचंही तेच. उकडतो आपण, पण सोलतो हाताने, आणि संध्याकाळपर्यंत उघडा ठेवतो.

टायफॉइडची गोष्ट याहून जड आहे. बरा झालेल्या शंभरांतल्या दोन-चार जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षं दडून राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच. 1907 साली तिला पकडून बेटावर ठेवलं. तिचा यावर विश्वासच बसेना. मी आजारी नाही, मग माझ्यामुळे दुसरा कसा पडेल? 1910 साली स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. धुण्याच्या कामात पैसे कमी मिळत, म्हणून ती नाव बदलून पुन्हा चुलीपाशी गेली. 1915 मध्ये एका प्रसूतिगृहात 25 जणांना टायफॉइड झाला, तिथे ती सापडली. मग 1938 साली मरेपर्यंत तिची सुटका नाही. मला या बाईबद्दल फार वाईट वाटतं. तिला बांधून ठेवायला सगळे होते. पोट भरेल असं दुसरं काम कुणी दिलं नाही.

आपल्याकडे खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी आणि टायफॉइडची लस नियमात आहे. ती व्हायलाच हवी. पण वाहकाच्या, म्हणजे मेरीसारखा जंतू बाळगून असलेल्या माणसाच्या, शौचातून जंतू रोज पडतोच असं नाही, त्यामुळे एका दिवसाचा अहवाल स्वच्छ आला तरी खात्री पटत नाही. खात्री साबणाचीच. शौचानंतर, नाकाला हात लागल्यावर, नोटा मोजल्यावर. हातमोजे घालून गल्ल्यातले पैसे परत देणारा माणूस मी रोज पाहते. तो मोजा हाताइतकाच मळलेला.

उद्या आपल्या गणपतीचा महाप्रसाद आहे. आचाऱ्यांच्या पोरांपैकी कुणाचं बोट कापलं असेल, तर त्याला पेढे वळायला बसवू नका, पत्रावळी मांडायला लावा. आणि त्याची हजेरी कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो बोट लपवेल.