सुरकुत्या, खिडकी आणि दोन बोटं सनस्क्रीन

नमस्कार मंडळी! "ताई, कोणत्या सवयीमुळे चेहरा लवकर म्हातारा दिसतो?" गेल्या व्हिडिओखाली हाच प्रश्न इतक्यांनी विचारलाय, की आज दुसरं काही बोलतच नाही.

आधी सगळ्यांना ठाऊक असलेलं उरकून घेऊ. झोप पुरेशी घ्या. सिगारेट सोडा, कारण धुरामुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि कोलाजेन तुटतं. ज्याच्यामुळे त्वचा घट्ट राहते, ते हे कोलाजेन. गोड जरा हात राखून खा. साखर कोलाजेनच्या धाग्यांना चिकटून बसते आणि ते कडक होतात. आणि पाणी तहानेप्रमाणे प्या, पण जास्तीचं पाणी पिऊन सुरकुत्या जात नाहीत. कमेंटमध्ये यावरून माझ्याशी कितीही भांडा.

आता हे बघा. हात कॅमेऱ्याजवळ आणते. हा मनगटाचा वरचा भाग: ठिपके, रंग गडद, त्वचा चिमटीत धरली की बारीक चुण्या. आता हात उलटा करते. आतली बाजू किती नितळ आहे! हात एकच, वयही एकच. फरक फक्त उन्हाचा.

"पण मी तर घरातच असते" असं लिहिणाऱ्या खूप जणी आहेत. मीही तेच म्हणायचे. सात वर्षं खिडकीला डावा गाल लावून काम केलं, आणि आज डाग डाव्याच गालावर जास्त आहेत. ते पहिल्यांदा नीट दिसले तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण कुणी आधी सांगितलंच नव्हतं. उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात, त्यांचे दोन प्रकार म्हणजे यूव्हीबी आणि यूव्हीए. साधी काच यूव्हीबी बरीचशी अडवते, म्हणून आत बसून त्वचा भाजत नाही. यूव्हीए मात्र काचेतून आत येतं आणि थेट खोलवर, कोलाजेनपर्यंत जातं. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला माणूस. चेहऱ्याची खिडकीकडची बाजू जाड, खोल सुरकुत्यांनी भरलेली, आणि दुसरी बाजू कितीतरी तरुण.

म्हणून सनस्क्रीन. ते लावता सगळेच, पण किती लावता? माझा जीव तुटतो तो इथेच. मटारच्या दाण्याएवढं घेऊन अख्ख्या चेहऱ्याला फासतात! डब्यावरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. तुम्ही पाव भाग लावलंत, तर ५० चं संरक्षण मिळणारच नाही.

हिशोबाने बघायचं? चेहरा आणि मान मिळून साधारण सव्वा ग्रॅम लागतं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तर चाळीस दिवसांत संपायला हवी. "ताई, माझी ट्यूब वर्षभर पुरते" असं कुणीतरी कौतुकाने लिहिलंय. अहो, वर्षभर तुम्ही जवळजवळ काहीच लावलेलं नाही!

हिशोब नको असेल तर तर्जनी आणि मधलं बोट पुढे करा. दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत भरगच्च रेघ ओढा. एवढं चेहऱ्याला आणि मानेला. एकदम चोपडलं की पांढरं दिसतं, म्हणून आधी एका बोटाचं, मग दुसऱ्या बोटाचं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

"एवढं करून फायदा होतो का?" होतो. ऑस्ट्रेलियात नऊशेहून जास्त लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. रोज लावणाऱ्यांची त्वचा मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वयस्क झालेली दिसली. घेताना 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्हींपासून वाचवणारं, असं लिहिलेलं बघा, कारण नुसता एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल सांगतो.

आणि हाताची मागची बाजू! तिथलं सनस्क्रीन हात धुतले की जातं. म्हणून मी एक ट्यूब बेसिनशेजारीच ठेवलीये. हात पुसले की लगेच लावते.