मी-सन: चाम गवंड्यांच्या विटा

[दृश्य: भातशेती, मागे डोंगररांग. गाडीतून.]

होइ आनचं जुनं बंदर मागे टाकून आपण ४० किलोमीटर आत आलो आहोत. मध्य व्हिएतनाममधलं हे खोरं जेमतेम २ किलोमीटर रुंद असेल, चारही बाजूंनी डोंगर आणि दाट रान. तिकीटघरापासून बॅटरीवरची गाडी थोडं आत सोडते. पुढची वाट पायी. दमट हवा, वेली, आणि झाडीतून एकदम वर आलेले लाल विटांचे मनोरे. हे मी-सन, चंपा म्हणजे चाम लोकांच्या जुन्या राज्याच्या शिवभक्त राजांचं देवस्थान.

चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मा राजाने इथे पहिलं मंदिर बांधलं, भद्रेश्वराचं. ते आगीत गेलं. सातव्या शतकात शंभुवर्म्याने ते पुन्हा उभारलं. तेराव्या शतकापर्यंत राजामागून राजा भर घालत गेला, आणि वास्तूंची संख्या सत्तरच्या पुढे गेली.

[दृश्य: शिलालेखाची अक्षरं, जवळून.]

इथल्या एका शिलालेखापाशी मराठी माणूस थबकतोच. इसवी सन ६५८, राजा प्रकाशधर्म, भाषा संस्कृत. राजाची आई ख्मेर, म्हणजे आजच्या कंबोडियाकडच्या राजघराण्यातली. त्या कुळाची कथा सांगताना लेख म्हणतो की कौंडिण्य नावाच्या ब्राह्मणाने द्रोणपुत्र अश्वत्थाम्याकडून मिळालेला भाला भवपुरात रोवला, आणि नागकन्या सोमा त्याची पत्नी झाली. आपला अश्वत्थामा जखमेसाठी तेल मागत नर्मदेकाठी भटकतो. इथे तो एका राजवंशाच्या मुळाशी उभा आहे.

हे ऐकलं की ‘म्हणजे सगळं आपलंच’ असं तोंडावर येतं. तसं म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. देव आणि अक्षरं समुद्रावरून आली, पण या भिंती चाम गवंड्यांच्या आहेत, आणि ती विद्या त्यांची स्वतःची.

[दृश्य: विटांचे सांधे. कॅमेरा अगदी भिंतीलगत.]

जवळ जाऊन बघा. दोन विटांमध्ये चुन्याचा थर दिसत नाही, सांधा शोधावा लागतो. विटा कशाने जोडल्या, यावर अभ्यासक गेली शंभर वर्षं वाद घालत आहेत. इथल्या एका मंदिरसमूहावर काम केलेल्या इटालियन आणि व्हिएतनामी तज्ज्ञांचा रोख झाडाच्या राळेकडे आहे. आणि नक्षी? आधी भिंत उभी करायची, मग त्याच विटांवर छिन्नी चालवायची. हात घसरला तर बदलायला दुसरी वीट नाही, कारण ती भिंतीत बसलेली. देवाच्या वस्तू ठेवायच्या कोशगृहाचं छप्पर पाहा, नावेसारखं वाकलेलं. त्याच्या भिंतीवर झाडाखाली दोन हत्ती आहेत. त्यांच्यापुढे वेळ काढा. बाकी मंदिरं थोडी भराभर पाहिली तरी चालतील.

[दृश्य: गवताने भरलेले गोल खड्डे.]

हे खड्डे बॉम्बचे आहेत. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने या खोऱ्यावर बॉम्ब टाकले. ए-१ नावाचं मंदिर सुमारे २४ मीटर उंच होतं, चाम स्थापत्यातलं सर्वांत देखणं. त्याचा ढिगारा झाला. युद्ध संपल्यावर सुरुंग काढतानाही माणसं गेली. मग १९८० च्या दशकात पोलंडचे वास्तुविशारद काझिमिएश क्वियात्कोव्स्की इथे आले. त्यांनी पडायला आलेल्या भिंती सावरल्या, आणि १९९७ मध्ये व्हिएतनाममध्येच त्यांचं निधन झालं. दोन वर्षांनी युनेस्कोने मी-सनला जागतिक वारशाचा दर्जा दिला. होइ आनमध्ये क्वियात्कोव्स्कींचा पुतळा आहे. तिथल्या कंदिलांच्या गर्दीत तो चुकवू नका.

२०१७ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं इथे काम करू लागली. २०२० च्या मे महिन्यात ए समूहात त्यांना नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मातीखाली सापडलं. वर एवढा विध्वंस झाला, आणि ते खाली शाबूत!

[दृश्य: दक्षिणेकडचं विटांचं मंदिर, सणाची गर्दी.]

हे बांधणारे चाम लोक आजही आहेत. दक्षिणेत निन्ह थुआन भागात राहणाऱ्या चाम हिंदूंना बालामोन म्हणतात. काते सणाला ते पो क्लोंग गराइ या जुन्या चाम राजाच्या मंदिरात मुखलिंगाला, म्हणजे चेहरा कोरलेल्या शिवलिंगाला, स्नान घालतात, वस्त्रं चढवतात. मी-सनला येणार असाल तर त्या भागासाठीही दिवस राखून ठेवा. काते साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो.