ऑटोग्लिफ्स: नुसत्या रेघा, पण बघत बसावं अशा

आडव्या-उभ्या रेघा, काही गोल, काही फुल्या, सगळं काळं-पांढरं, अशी कॉम्प्युटरच्या कोडने काढलेली चित्रं म्हणजे ऑटोग्लिफ्स. मॅट हॉल आणि जॉन वॉटकिन्सन या जोडीने 2019 च्या एप्रिलमध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर मिळून सांभाळल्या जाणाऱ्या सामायिक नोंदवहीवर, आणले, एकूण फक्त 512. यांचेच क्रिप्टोपंक्स, 24 बाय 24 पिक्सेलचे ते चेहरे, एलियन, माकडं, झॉम्बी, एकदा बघितले की लक्षात राहतात. ग्लिफ्सचं तसं नाही, पाच-सहा ओळीने बघितले की सगळे सारखेच वाटतात आणि माणूस स्क्रोल करून पुढे जातो.

पण जरा थांबा, एकच घ्या. याची इमेज फाईल ब्लॉकचेनवर नाहीचये. बऱ्याच एनएफटींमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर मालकी नोंदलेल्या डिजिटल वस्तूंमध्ये, तिथे नुसती लिंक असते आणि चित्र दुसऱ्याच कुठल्यातरी सर्व्हरवर, इथे मात्र चित्र काढणारा कोडच कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेल्या प्रोग्राममध्ये, बसलाय. त्याला विचारलं की तो 64 ओळी देतो, प्रत्येक ओळीत 64 खुणा. टिंब असेल तर जागा रिकामी, ओ असेल तर गोल, हॅश (#) असेल तर भरलेला चौकोन. म्हणजे आलेखाच्या वहीत पेन्सिलीने तुम्हीसुद्धा अख्खा ग्लिफ काढू शकता, ठिपक्यांची रांगोळी जशी किती ठिपके आणि कसे जोडायचे एवढं सांगितलं की दुसऱ्या अंगणातही तशीच उमटते.

अमेरिकेत सोल लेविट हे कलाकार 1968 पासून भिंतीवरची चित्रं याच विचाराने करायचे, सूचना त्यांच्या, रेघा बऱ्याचदा दुसऱ्यांनी ओढलेल्या. त्याच सुमाराला पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार या कलाकार कॉम्प्युटर हाताशी घेऊन साधे चौकोन किंचित हलवून बघत होत्या. हे माहीत झालं की ग्लिफ वेगळाच दिसायला लागतो, खरंच सांगतो. मधून आरसा धरल्यासारखी सारखी बाजू कुठे आहे, नक्षी कुठे दाट होते, कुठे विरळ, डोळा आपोआप शोधायला लागतो आणि मला तर भडक रंगांपेक्षा हे जास्त वेळ धरून ठेवतं.

आणखी एक, तेव्हा ग्लिफ बनवायचे 0.20 इथर (इथेरियमचं चलन) लागायचे आणि ते पैसे हवामान बदलावर काम करणाऱ्या 350.ऑर्ग या संस्थेला जायचे.

बघायचेच असतील तर किमती बाजूला ठेवा. खुणांच्या 10 पद्धती आहेत, एखादीत नुसत्या तिरप्या रेघा, त्यातली एक निवडा आणि तेवढेच ग्लिफ्स शेजारी शेजारी मोठे करून लावा.