गोचीड, उंदीर आणि घरामागची झाडी

मंडळी, गोचीड म्हटलं की कोल्हापूरकराला म्हैस आठवते. पण आजचं बोलणं मुख्यतः तुमच्यापैकी ज्यांची मुलं न्यू जर्सी, कनेक्टिकटकडे आहेत त्यांच्यासाठी आहे. उन्हाळ्यात नातवंडांकडे जाता, रंकाळ्यावर फिरायची सवय असते, म्हणून तिथेही सकाळी घरामागच्या झाडीत शिरता. लाइम रोग, म्हणजे गोचिडाच्या चाव्यातून होणारा जिवाणूचा आजार, पसरवणारे गोचीड अशाच झाडीत असतात.

कनेक्टिकटमधल्या लाइम गावात 1975च्या सुमारास बऱ्याच मुलांचे सांधे सुजू लागले. डॉक्टर संधिवात म्हणून मोकळे होत. पॉली मरे या आईनं मात्र कोणकोण आजारी आहे याची नोंद ठेवली आणि आरोग्य खात्याचा पिच्छा पुरवला. पुढे 1981 साली विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना गोचिडाच्या आतड्यात या रोगाचे मळसूत्री जिवाणू दिसले. त्या जिवाणूचं नाव आता बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

लोक हरणाला दोष देतात. हरणाच्या रक्तावर मोठे गोचीड पोसतात, हे खरं. पण जिवाणू त्यांना हरणाकडून मिळत नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लांतही तो नसतो. पहिलं रक्त पांढऱ्या पायांच्या उंदराचं मिळालं, की तिथून तो येतो. उंदीर मात्र ठणठणीत! जंगल तोडून वसाहती झाल्या, मध्ये झाडीचे तुकडे उरले, की उंदीर खाणारे प्राणी कमी होतात आणि उंदरांचं फावतं. न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस परगण्यातला 2003 सालचा अभ्यास हेच सांगतो: दोन हेक्टरपेक्षा लहान तुकड्यांत जिवाणू बाळगणारे गोचीड जास्त दाट होते. म्हणजे घनदाट अरण्याला भ्यायचं आणि सोसायटीमागच्या झाडीत निर्धास्त फिरायचं, हा हिशेब उलटा आहे.

आता दिलाशाची गोष्ट. जिवाणू गोचिडाच्या आतड्यात असतो. रक्त आत येऊ लागलं की तो आपल्या अंगावरची प्रथिनं बदलतो, मग लाळग्रंथीकडे निघतो. अमेरिकेतल्या गोचिडाबाबत यात सहसा एक-दीड दिवस जातो. युरोपातला जरा घाईचा. म्हणून रोज संध्याकाळी काख, जांघ, गुडघ्यामागची खोबण, कानामागची जागा बघायची. उंदराचं रक्त पिऊन जरा वाढलेलं, आपल्याला चावणारं पिल्लूही खसखशीच्या दाण्याएवढंच असतं, चष्मा लावूनच बघा. सापडलं तर रॉकेल, तंबाखू, पेटती काडी यांतलं काहीही नको. बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरायचं आणि सरळ वर ओढायचं.

तीन ते तीस दिवसांत चाव्याभोवती पसरत जाणारा चट्टा उठला, ताप आला, तर डॉक्टरकडे जा. पुस्तकांतले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीवरचे. आपल्या सावळ्या रंगावर तो लालभडक दिसेलच असं नाही. वेळेत निदान झालं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या प्रतिजैविकानं भागतं.

मागून प्रश्न आलाय, दाजीपूरला गेलो तर? आपल्या घाटात लाइमपेक्षा माकडतापाचा विचार करा. तो 1957 साली शिमोगा जिल्ह्यात ओळखला गेला, अलीकडे दोडामार्गापर्यंत आला. तोही गोचिडातूनच येतो, पण विषाणूचा. त्यावर प्रतिजैविक चालत नाही. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा. आणि ताप आलाच, तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.