आधी किल्ली, मग कान

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला एका गाडीत बसवतो. १९५९ सालची मॉरिस मायनर, फिकट हिरवी. रस्ता इंग्लंडातल्या कॉट्सवोल्ड्सचा, दिवस मे महिन्यातले. आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र. एक ऑक्सफर्डला स्थायिक झाला, गाडी त्याची. डॉक्टर, मास्तर आणि मी रत्नागिरीहून गेलेलो.

ही गाडी ऑक्सफर्डच्याच काउली भागातल्या कारखान्यात जन्मली. हे मॉडेल १९४८ साली पहिल्यांदा लोकांसमोर आलं. अ‍ॅलेक इसिगोनिस हा तिचा कर्ता. नमुना तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटली, म्हणून त्यानं ती मधोमध कापून चार इंच रुंद करून घेतली. हो, चार इंच! बॉनेटवरून हात फिरवा, मधे एक सपाट पट्टी लागते. ती त्या चार इंचांची खूण. कारखान्याचे मालक लॉर्ड नफील्ड यांनी या गाडीला पाण्यात सोडून शिजवलेल्या अंड्याची उपमा दिली होती. पुढे तिच्याच उत्पादनाचा आकडा सोळा लाखांच्या वर गेला. आपली अ‍ॅम्बेसिडरही मॉरिस ऑक्सफर्डवरूनच घडली, म्हणजे ही तिची काउलीची धाकटी बहीण. दार उघडताच डॉक्टर म्हणाले, "अरे, हा वास आपल्या ओळखीचा आहे." रेक्झिन, पेट्रोल आणि ऊन.

जाता जाता सांगतो, तिथं चाळीस वर्षांपलीकडच्या गाडीला रस्त्याचा वार्षिक कर भरावा लागत नाही. धडधाकट जुनी गाडी भंगारात घालताना माझ्या पोटात तुटतं. ज्यानं ती जपली, त्याला सरकारनं हात द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आता सुरू करण्याची रीत नीट ऐका, पुढे ती लागणार आहे. किल्ली फिरवली की लगेच इंजिन लागत नाही. आधी बॉनेटखालचा विजेचा पेट्रोलपंप टिक-टिक-टिक करतो. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, भरला की गप्प होतो. मग स्टार्टरची गुंडी ओढायची. आधी किल्ली, मग कान, मग स्टार्टर.

विटनीवरून बर्फर्डला पोचलो. बर्फर्डची मुख्य पेठ थेट उतारावर आहे, खाली विंडरश नदीवर जुना दगडी पूल. तिथं थर्मासमधला चहा घेतला आणि तीच चढण परत चढलो. सदतीस अश्वशक्तीचं इंजिन आणि आम्ही चार भरलेली माणसं! मित्रानं दुसऱ्या गिअरवर हळूहळू गाडी वर नेली, कुणी घाई केली नाही.

तिथून बायबरीकडे जाताना मोठा रस्ता सोडून आम्ही एका पाणंदीत शिरलो. दोन्ही बाजूंना गडगे. श्रोतेहो, खरेच गडगे! आपल्या कोकणात जांभ्याचे रचतात ना, तसेच, चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. फक्त दगड मधाच्या रंगाचा. मास्तरांनी हात बाहेर काढला असता तर गडग्याला लागला असता.

आणि तिथं गाडी थांबली. आचका नाही, आवाज नाही, दम सुटल्यासारखी थांबली. मित्र स्टार्टर ओढतोय, इंजिन फिरतंय, पण लागत नाही. गाडीत माझ्या फोनवर गाणी चालू. एवढ्यात मागे एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गवताचे भारे, पुढे जायला जागा नाही. मी म्हटलं, आता हॉर्न वाजणार. पण ट्रॅक्टरवरच्या आजोबांनी स्वतःचं इंजिन बंद केलं, उतरून खिडकीशी आले आणि बोट ओठांवर ठेवून माझ्या फोनकडे पाहिलं. मी गाणी बंद केली. ते मित्राला म्हणाले, किल्ली बंद कर. आता फिरव. ऐका.

आम्ही ऐकलं. एक भारद्वाज नाही, एक कावळा नाही, दूर मेंढ्या तेवढ्या. आणि टिक-टिक? नाही!

आजोबांनी बॉनेट उघडायला लावलं. इंजिनामागच्या पत्र्यावर मुठीएवढा काळा डबा, तोच पंप. गाडी थंडीभर उभी होती, आतले पॉइंट्स, म्हणजे विजेची जोडणारी टोकं, चिकटले होते. त्यांनी खिशातला चाकू काढला, पातं मिटलेलंच, आणि लाकडी मुठीनं डब्यावर हलकेच ठोकलं. टक. टक. आणि आतून उत्तर आलं, टिक-टिक-टिक-टिक!

मग सांगू लागले. त्यांची आई याच भागात फिरती परिचारिका. तिच्याकडे अशीच मायनर. रात्री-बेरात्री बाळंतपणाला जायची, लहानग्याला मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळून न्यायची. पंप अडला की उतरून ठोकायचं काम त्या पोराचं. "आई म्हणायची, आधी ऐक, मग ठोक," असं सांगताना त्यांचा तळवा अजून त्या डब्यावरच होता. डॉक्टरांनी न बोलता आपल्या खाऊच्या डब्यातले दोन बेसनाचे लाडू त्यांच्या हातावर ठेवले. एक त्यांनी तिथंच खाल्ला, दुसरा रुमालात बांधला.

तेव्हापासून माझ्या गाडीत मी गाणी लावत नाही. गाणी घरी बसून, मन लावून ऐकावीत.

बायबरीला अर्लिंग्टन रो पाहिली, चौदाव्या शतकातलं लोकरीचं कोठार, पुढे विणकरांची घरं झालेलं. गर्दी फार होती. लवकरच गाडीत येऊन बसलो. मित्रानं किल्ली फिरवली. चौघंही गप्प. मास्तर बोटांवर मोजत होते. अकराव्या टिकला पंप थांबला, आणि त्यांनी मान हलवली, "ओढ."